‘प्रणाली’ कशास म्हणावे? : संगणकाच्या कार्यप्रणालीचा ऐतिहासिक मागोवा

बीजशब्द : कार्यप्रणाली, परिचालक, पर्यवेक्षक, कालविभागणी, सीमा, संरक्षण

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत कार्यप्रणालीची व्याख्या एका वाक्यात दिलेली आढळते. वापरकर्ता आणि यंत्रसामग्री यांना जोडणारा दुवा म्हणजे कार्यप्रणाली, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि दोन गुण मिळवितो. ही व्याख्या चुकीची आहे असे म्हणता येत नाही. परंतु ती इतकी सैल आहे की कळफलकालाही लागू पडावी. शिवाय तीत एका साध्या प्रश्नाचे उत्तर नाही. संगणकावर चालणारी इतर असंख्य आज्ञावली ‘प्रोग्रॅम’ म्हणून ओळखली जात असताना, नेमक्या या एकीलाच ‘सिस्टिम’ हे नाव का मिळाले? आज्ञावली कोणत्या टप्प्यावर प्रणाली होते?

हा प्रश्न केवळ शब्दांचा असता तर तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होता आले असते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नापायी प्रचंड प्रकल्प रखडले, मोठ्या संस्था एकमेकींपासून दुरावल्या आणि शतक संपताना तो थेट अमेरिकेच्या न्यायालयासमोर उभा राहिला. प्रस्तुत लेखात १९५६ ते २००२ या कालखंडातील काही निवडक प्रसंगांच्या आधारे या संकल्पनेची घडण तपासली आहे. कार्यप्रणालींची संपूर्ण जंत्री देणे हा येथे हेतू नाही.

शब्दाची अडचण

‘सिस्टिम’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीने अनेक शब्द योजले आहेत. शरीरात पचनसंस्था आणि मज्जासंस्था असते, आकाशात सूर्यमाला असते, मापनात दशमान पद्धती असते, राज्यकारभारात शासनव्यवस्था असते आणि संगणकात प्रणाली असते. ही विपुलता भाषेची श्रीमंती असली तरी तीमुळे एक गोष्ट झाकली जाते. या सर्वांना इंग्रजीत एकच नाव आहे, ते त्यांच्यात काही समान आहे या समजुतीने. मराठी वाचकाला ते साम्य शब्दात दिसत नाही, त्यामुळे पचनसंस्था आणि कार्यप्रणाली एकाच जातीच्या असू शकतात हे त्याच्या सहजी लक्षात येत नाही.

‘प्रणाली’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पाण्याचा पाट, नाली असा आहे. पाटातून पाणी ठरल्या वाटेने जाते, तसे काम ठरल्या रीतीने होणे, अशा अर्थविस्ताराने तो ‘पद्धती’च्या जवळ आला. ग्रीक ‘सिस्टेमा’ची घडण निराळी आहे, अनेक भाग एकत्र उभे करून झालेले संपूर्ण, असा त्याचा अर्थ. त्यातील क्रियापदाचा धातू आणि संस्कृत ‘स्था’ हा धातू एकाच मुळाचे आहेत. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने ‘सिस्टिम’च्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द ‘संस्था’ हाच ठरतो आणि शरीरशास्त्राच्या परिभाषाकारांनी तो नेमका उचलला. संगणकाच्या वाट्याला पाट आला. पाटाच्या कल्पनेत प्रवाह आहे, पण घटकांमधील परस्परसंबंध नाहीत.

‘प्रणाली’चा सर्वसाधारण सिद्धांत मांडणारे लुडविग फॉन बर्टलॅन्फी हे मूळचे जीवशास्त्रज्ञ होते. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘जनरल सिस्टिम थिअरी’ या ग्रंथाचा भर एका मुद्द्यावर आहे : घटक वेगवेगळे तपासून संपूर्णाचे वर्तन कळत नाही, कारण ते घटकांमधील संबंधांतून उपजते. सजीव हा परिसराशी देवघेव करीत स्वतःला टिकवून धरणारा असतो, हेही त्यांनी ठासून मांडले. देवघेव म्हटली की आत आणि बाहेर हा भेद आलाच. तेव्हा संबंध कोणते आणि सीमा कोठे, हे दोन प्रश्न कोणत्याही प्रणालीला विचारावे लागतात. कार्यप्रणालीच्या इतिहासात दुसरा प्रश्न अधिक जिकिरीचा ठरला.

परिचालकाची जागा

१९५०च्या दशकाच्या आरंभी संगणकावर कार्यप्रणाली नव्हती आणि तिची उणीवही कोणास भासत नव्हती. ज्याला गणित सोडवायचे असे तो यंत्राची वेळ राखून ठेवी, आपल्या छिद्रित पत्रिकांचा गठ्ठा घेऊन येई, फिती चढवी, कळा दाबी, दिव्यांकडे पाहून यंत्र कोठे अडले याचा अंदाज घेई आणि वेळ संपली की पुढच्यासाठी जागा रिकामी करी. त्या काळात यंत्र लाखमोलाचे आणि माणसाचा वेळ त्यामानाने स्वस्त होता. फिती चढविण्या-उतरविण्यात जाणारी मिनिटे हिशेबनिसांच्या डोळ्यांत खुपू लागली. मग प्रशिक्षित परिचालक नेमण्यात आले आणि आज्ञावली लिहिणाऱ्याची यंत्राच्या खोलीतून पाठवणी झाली.

परिचालक माणूस होता, आणि यंत्राचा वेग वाढत गेला तसा तोही संथ ठरू लागला. १९५६ साली जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीतील ओवेन मॉक यांच्या पुढाकाराने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक आज्ञावली तयार झाली. एक काम संपताच पुढचे काम आपोआप सुरू करणे हे तिचे मुख्य कार्य. पुढे ही आज्ञावली सुमारे ४० ठिकाणी वापरली गेली. एक मोटारींची कंपनी आणि एक विमानांची कंपनी यांनी मिळून ती लिहिली, यंत्र विकणाऱ्या आयबीएमने नव्हे, ही बाब इतिहासात सहसा दुर्लक्षित राहते.

‘ऑपरेटिंग सिस्टिम’ या नावातील पहिल्या शब्दाचा उगम येथे सापडतो. ऑपरेटरचे, म्हणजे परिचालकाचे, काम करणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम. मराठीत ‘कार्यप्रणाली’ हा शब्द रूढ झाल्याने हा परिचालक नावातून पुसला गेला. ‘परिचालन प्रणाली’ हा पर्याय काही ठिकाणी योजला जातो. तो उच्चारायला जड असला तरी इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे.

मात्र १९५६ची ही आज्ञावली प्रणाली होती काय? ती यंत्राच्या स्मृतीत इतर आज्ञावलींच्या शेजारीच बसे, आणि दोहोंमध्ये भिंत नसे. वापरकर्त्याच्या आज्ञावलीतील एखादी चूक तिच्यावरच लेखन करून तिला नष्ट करू शके. एखादी आज्ञावली अनंत फेऱ्यांत अडकली तर तिला थांबविण्याचे साधन नव्हते. माणसालाच उठून कळ दाबावी लागे. एखाद्या बेशिस्त आज्ञावलीने आपल्या पत्रिका संपल्यावर पुढच्याच्या पत्रिका वाचावयास घेतल्या तर त्याचे कामही बुडे. थोडक्यात, सर्वांनी शहाण्यासारखे वागावे या भरवशावर ती व्यवस्था चालत असे. तिला संकेत म्हणावे, प्रणाली नव्हे.

आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने या बदलाची किंमत मोठी होती. सकाळी गठ्ठा द्यावा, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी छापील कागद हाती यावा, आणि त्यावर एका स्वल्पविरामाअभावी काम झाले नाही एवढेच कळावे, असा तो अनुभव. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. तो ज्यांनी घडविला त्यांच्या तो हाताखालचा होता. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे कितीतरी मोठे यंत्र आले आणि देशातील अनेक संस्थांच्या संशोधकांची कामे तेथे होऊ लागली. अमेरिकेत दहा वर्षांत झालेले स्थित्यंतर मुंबईने चार वर्षांत पाहिले.

भिंत उभी राहते

खरी कलाटणी मिळाली ती इंग्लंडमध्ये. मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला ॲटलस हा संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी अधिकृतपणे सुरू झाला. त्याच्या ‘सुपरवायझर’ची, म्हणजे पर्यवेक्षकाची, रचना डेव्हिड हॉवर्थ यांच्या गटाने केली. पुढे या क्षेत्राचा इतिहास लिहिणारे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पेर ब्रिंच हॅन्सेन यांनी कार्यप्रणालींच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची झेप म्हणून याच पर्यवेक्षकाकडे बोट दाखविले आहे. हा निवाडा अतिशयोक्त वाटत नाही.

ॲटलसमध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. यंत्राचा एखादा भाग काम संपवून मोकळा झाला की तो चालू कामात व्यत्यय आणून पर्यवेक्षकाला जागे करी. म्हणजे नियंत्रण परत मिळविण्यासाठी वापरकर्त्याच्या सौजन्यावर विसंबण्याची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट स्मृतीची. ॲटलसची वेगवान स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि फिरत्या चुंबकीय ढोलावर आणखी ९८,३०४ शब्द मावत. ५१२ शब्दांची पाने पाडून पर्यवेक्षक ती या दोन ठिकाणांमध्ये हलवीत असे. कोणते पान परत ढोलावर पाठवावे हे ठरविण्यासाठी मागील वापराचा मागोवा घेणारी आज्ञावलीही त्यात होती. वापरकर्त्याला मात्र एकच सलग स्मृती दिसे. प्रत्येक पानाला कुलूप लावण्याची सोय असल्याने एका कामाला दुसऱ्याच्या पानावर जाता येत नसे.

येथे प्रथमच आत आणि बाहेर हा भेद यंत्राच्या तारांमध्ये उतरला. वापरकर्त्याची आज्ञावली बाहेर, पर्यवेक्षक आत, आणि ये-जा ठरावीक दारांतूनच. हा भेद केवळ आज्ञावलीने निर्माण करता आला नसता. यंत्रसामग्रीने साथ दिली म्हणूनच तो टिकला. कार्यप्रणाली म्हणजे सॉफ्टवेअर, हे वर्गात सांगितले जाणारे विधान या ठिकाणी अपुरे पडते. पर्यवेक्षक, व्यत्यय-यंत्रणा आणि कुलपे हे तिन्ही मिळून जे उभे राहते त्याला प्रणाली म्हणणे अधिक योग्य होय.

संकेतशब्दांची दुपार

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत याच सुमारास निराळ्या दिशेने विचार चालू होता. जॉन मॅकार्थी यांनी जानेवारी १९५९ मध्ये एका टिपणाद्वारे कालविभागणीची कल्पना सुचविली. यंत्राने अनेक वापरकर्त्यांकडे आळीपाळीने, परंतु इतक्या झपाट्याने लक्ष द्यावे की प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच वाटावे. खोलीबाहेर घालविलेल्या आज्ञावलीकाराला पुन्हा यंत्रासमोर बसविण्याचा हा मार्ग होता. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस या नावाने त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे आयबीएमच्या मोठ्या यंत्रात बदल करून स्मृतीचे दोन स्वतंत्र संच बसविण्यात आले. एक पर्यवेक्षकासाठी राखीव, दुसरा वापरकर्त्यांसाठी.

याच सीटीएसएसवर घडलेला एक प्रसंग कॉर्बाटो यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९९१ साली प्रसिद्ध झाले, सांगितला आहे. एके दुपारी यंत्राशी जोडून घेणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर रोजच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या संकेतशब्दांची यादी छापली जाऊ लागली. झाले होते ते असे. मजकूर दुरुस्त करण्याची आज्ञावली काम चालू असताना एक तात्पुरती धारिका तयार करी आणि तिचे नाव नेहमी एकच असे. एका खात्यात एका वेळी एकच माणूस काम करणार, हे गृहीत धरले असता त्यात गैर काही नव्हते. पुढे प्रणालीची देखभाल करणाऱ्यांची संख्या वाढली आणि सोयीसाठी त्यांना एकच सामाईक खाते वापरण्याची मुभा मिळाली. तीही सोय वाजवीच होती. त्या दुपारी एकजण दिवसाची सूचना बदलत होता आणि दुसरा त्याच वेळी संकेतशब्दांची यादी. तात्पुरत्या धारिका एकाच नावाच्या. त्यांची अदलाबदल झाली.

हा प्रसंग विनोदी वाटला तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. दुरुस्तीची आज्ञावली निर्दोष होती. सामाईक खात्याचा निर्णय समंजस होता. दोष कोणत्याही एका घटकात दाखविता येत नाही. तो दोघांच्या संबंधात होता, आणि तो संबंध कोणी मुद्दाम जोडलाही नव्हता. बर्टलॅन्फींना जीवशास्त्रात जे म्हणावयाचे होते त्याचे याहून चपखल उदाहरण संगणकक्षेत्रात क्वचितच सापडेल. व्याख्यानाचा विषयही कॉर्बाटो यांनी तसाच निवडला होता : ज्या प्रणाली अपयशी ठरणारच आहेत त्या कशा बांधाव्यात.

संख्या आणि स्तर

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेची घोषणा केली. लहानमोठ्या सर्व यंत्रांवर चालेल अशी एकच कार्यप्रणाली देण्याचे वचन त्यात होते. ओएस/३६० या नावाच्या त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात त्याची कहाणी सांगितली. ऐन भरात असताना १,००० हून अधिक माणसे या कामावर होती आणि १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० मनुष्यवर्षे खर्ची पडली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. तरीही प्रणाली उशिरा आली आणि चुकांनी भरलेली आली. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातल्यास काम आणखी रखडते, हा त्यांचा निष्कर्ष आज म्हणीसारखा वापरला जातो.

म्हणीइतकी प्रसिद्ध नसलेली त्यांची दुसरी मांडणी येथे अधिक उपयोगाची आहे. एखाद्याने स्वतःपुरती लिहिलेली आज्ञावली इतरांना वापरण्याजोगी करावयाची तर कष्ट अंदाजे तिप्पट होतात. तीच आज्ञावली इतर आज्ञावलींशी जुळवून प्रणालीचा घटक करावयाची तरीही तिप्पट. आणि दोन्ही साधावयाचे तर नऊपट. म्हणजे प्रणालीचे घटक असणे याची एक मोजता येण्याजोगी किंमत आहे आणि ती घटकाच्या आत न पडता घटकांमधील सांध्यांत पडते. ओएस/३६० मध्ये माणसे वाढली तसे माणसांमधील सांधेही वाढले.

नेमके उलटे टोक नेदरलँड्समध्ये पाहावयास मिळाले. आइंडहोवनच्या तंत्रविद्यालयात एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी अर्धवेळ काम करणाऱ्या अवघ्या सहा जणांच्या बळावर ‘टीएचई’ ही बहुकार्यप्रणाली उभी केली. तिच्यावरील निबंध मे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची रचना मजल्यांची होती. तळाशी प्रक्रियकाचे वाटप, त्यावर स्मृतीचे नियंत्रण, त्यावर परिचालकाशी होणारा संवाद, त्यावर आदान-प्रदान आणि सर्वांत वर वापरकर्त्यांच्या आज्ञावली. वरच्या मजल्याने खालच्याची सेवा घ्यावी, खालच्याने वरच्यावर विसंबू नये. संबंधांना एकच दिशा दिल्याने त्यांची संख्या आटोक्यात राहिली आणि प्रत्येक मजला तपासल्यावरच पुढचा चढविता आला. टीएचई फार पसरली नाही. एका विद्यापीठातील एका यंत्रापुरती तिची कारकीर्द होती. ओएस/३६०च्या वारसदार प्रणाली मात्र बँकांमध्ये अद्याप चालू आहेत. उत्तम रचना टिकतेच असे नाही, एवढे यावरून मान्य करावे लागते.

याच वर्षांत मॅसॅच्युसेट्सची संस्था, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून मल्टिक्स हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला होता. वीज किंवा पाणी यांसारखी संगणनसेवा शहराला पुरवावी, ही त्यामागील दृष्टी. विलंब आणि खर्च पाहून बेल प्रयोगशाळा १९६९ साली त्यातून बाहेर पडली. त्या प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याच वर्षी पीडीपी-७ या लहानशा, जुन्या यंत्रावर युनिक्सला सुरुवात केली. १९७३ साली तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेल्याने ती एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. युनिक्सने गाभा लहान ठेवला आणि मल्टिक्सने जे पोटात घेतले असते त्यातील पुष्कळसे बाहेर ठेवले. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे तीत आलेल्या ‘पाइप’च्या योगे एका लहान आज्ञावलीचे फलित दुसरीत सोडता येऊ लागले. ‘प्रणाली’चा मूळ अर्थ पाट असा आहे हे येथे आठवावे.

मल्टिक्स अयशस्वी झाली असे सर्रास लिहिले जाते, ते अर्धसत्य आहे. तिची शेवटची प्रत कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ऑक्टोबर २००० पर्यंत काम करीत होती.

न्यायालयातील प्रश्न

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्यावरील डॉसमध्ये ॲटलसची भिंत नव्हती. त्या यंत्राच्या प्रक्रियकात तशी सोयच नव्हती, आणि एका माणसाच्या यंत्राला ती हवी कशाला, असा युक्तिवाद होता. आज्ञावलीने डॉसच्या स्मृतीत खुशाल लेखन करावे, इतकी मोकळीक होती. संगणकविषाणूंचे पेव पुढे फुटले ते याच मोकळ्या आवारात. काटेकोर कसोटी लावल्यास डॉस ही १९५६च्या आज्ञावलीच्या जवळची ठरते. तरी जगातील लक्षावधी लोकांना ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा शब्द शिकविला तो तिनेच.

मग सीमेचा प्रश्न व्यापाराच्या अंगाने पुढे आला. मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकी न्याय विभाग यांच्यात १९९५ साली मान्य झालेल्या संमती-आदेशानुसार कंपनीला एका उत्पादनाची सक्ती दुसऱ्यासोबत करण्यास मनाई होती, मात्र ‘एकात्मिक’ उत्पादने विकसित करण्याची मुभा होती. कंपनीने इंटरनेट एक्स्प्लोरर हा न्याहाळक विंडोजसोबत देण्यास सुरुवात केली आणि तो विंडोजचाच अविभाज्य भाग असल्याची भूमिका घेतली. १८ मे १९९८ रोजी न्याय विभाग आणि अनेक राज्यांनी नवा खटला दाखल केला. प्रणालीत आत काय आणि बाहेर काय, हे आता वकिलांना ठरवावयाचे होते.

सरकारतर्फे साक्ष देणारे प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन यांनी न्याहाळकाची सोय काढून टाकणारी एक आज्ञावली तयार करून दाखविली. न्याहाळक वेगळा करता येतो, म्हणजे तो भाग नव्हे, असा त्यातील रोख. कंपनीचे म्हणणे असे की त्याची संहिता इतर सोयींनाही लागते; ती उपटली तर प्रणाली दुबळी होते. दोन्ही बाजूंकडे तथ्य होते. शरीरातून आंत्रपुच्छ काढता येते म्हणून ते पचनसंस्थेचे नव्हते असे कोणी म्हणत नाही. आणि दोन अवयव शिवून टाकले की ते जन्मतः एक होते असेही ठरत नाही. १९६०च्या दशकातील अभियंत्यांपुढील सीमा यंत्राच्या गरजेतून आली होती. येथे ती बाजारातील स्पर्धकांकडे पाहून आखली जात होती आणि तिला तांत्रिक भाषेचा पोशाख चढविला जात होता.

न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष जाहीर केले आणि जून २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाने विभाजनाचा आदेश रद्द केला. मात्र न्याहाळकाची आणि प्रणालीची संहिता एकमेकींत मिसळून टाकण्याची कृती मक्तेदारी राखण्यासाठी केलेली अवैध कृती आहे, हा निष्कर्ष त्या न्यायालयाने कायम ठेवला. पुढे तडजोड झाली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये तिला न्यायालयाची मान्यता मिळाली. तीनुसार संगणक बनविणाऱ्यांना आणि वापरकर्त्यांना न्याहाळकाचे चिन्ह पडद्यावरून दिसेनासे करण्याची मुभा मिळाली. संहिता जागच्या जागी राहिली.